टिटवी, आयमाउथ बंदरात

चौथा दिवस.
रेडिओवरची बाई आजही शांतपणे म्हणाली,
फोर्थ, टाइन : ईशान्य सात, अधूनमधून आठ,
जशी शेजारची काकू जिन्यातून सांगते,
उद्याही नळाला पाणी नाही.

सव्वीस फुटांत आम्ही दोघं.
मोजे वाळत नाहीत. पावाला बुरशी.
सुधन्वा नकाशा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो,
मधल्या वेळात किनारा जरा सरकला असेल म्हणून.
डोलकाठीवर दोर आपटतात रात्रभर,
कुणीतरी बाहेर उभं आहे
आणि आपण कडी काढत नाही, तसे.

होडीचं नाव मी ठेवलं.
वाशिमला समुद्र नाही, टिटव्या आहेत.
नोंदवहीत लिहिताना बंदरावरच्या मिसेस विंड्रम अडल्या,
तेव्हा त्यांना गोष्ट सांगितली :
समुद्रानं अंडी नेली, आणि हिनं चोचीचोचीनं
समुद्र उपसायला घेतला.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"मग? आटला?"
"आमच्याकडे आटला."
"बरं," त्या म्हणाल्या,
"शॉवरला एक पौंडाची नाणी लागतात, सुटी ठेवा."

दुपारी पाऊस थांबला की धक्क्याखाली सील येतो.
पोरं काठीला मासा टोचून खाली धरतात.
त्याला वाट पाहण्याचा पगार आहे.
पुढे, समुद्राकडे तोंड करून
ब्राँझच्या लहान लहान बाया, कडेवर पोरं,
अठराशे एक्क्याऐंशीच्या वादळात गेलेल्यांकडे बघत उभ्या.
यांच्यापुढे आपले चार दिवस म्हणजे,
मी म्हणायला लागले.
सुधन्वा म्हणाला, सोमवारी ऑफिसला काय सांगू?

खरं तर आज सकाळी वारा जरा पडला होता.
शेजारच्या निळ्या होडीतली पोरं,
रोरी आणि टॅम्सिन, परवा मीठ मागायला आलेली,
सहाला दोर सोडून निघाली.
सुधन्वा चहाचा कप घेऊन बघत राहिला.
"बघ. ते गेले."
एवढंच. पण ते वाक्य दिवसभर होडीत राहिलं,
ओल्या रेनकोटासारखं,
जावं तिथे अंगाला लागत.

साडेचारला दिसली.
बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या,
लाल दिवा लुकलुकत होता, येऊ नका,
आणि दुसरं जायचं कुठे?
पुढचं शीड फाटून चिंध्या झालेलं.
निळी होडी एकदा पूर्ण आडवी झाली,
तळ दिसला, लाल रंगाचा,
जो कुणाचा बघू नये.
मग आत.

टॅम्सिननं दोर फेकला, पाण्यात पडला.
पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात.
तिसऱ्यांदा माझ्या तोंडावर बसला, मी धरला.
सुधन्वानं धक्क्याच्या कडीला गाठ मारली,
आणि त्याच गाठीवर आणखी एक,
आणि आणखी एक,
गरज नसताना.
कुणी काही बोललं नाही.
पोरगी थरथरत होती, रोरी सारखा सॉरी म्हणत होता,
कुणाला, कळत नव्हतं.

रात्री चौघं सव्वीस फुटांत.
गुडघ्याला गुडघे, काचांवर वाफ,
मुगाची खिचडी, वर लोणच्याचा खार.
याला काय म्हणतात, रोरीनं विचारलं.
"आजाऱ्याचं जेवण," सुधन्वा म्हणाला,
आणि स्वतः तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

ते गेल्यावर त्यानं रेडिओ लावला नाही.
नकाशा नीट चौघडी करून
गादीखाली सरकवला,
वडील पँट ठेवायचे ना इस्त्रीला, तसा.

टिटवी म्हणे पाय वर करून झोपते,
आभाळ पडलंच तर झेलायला.
माझा बंक आखूड आहे.
गुडघे वर, तळवे थेट छताला,
थंडगार, जरासे गळते छत,
बाहेर दोर आपटतायत,
मी टेकवून ठेवलेत पाय.